खडकवासल्यापलीकडची दारे

बारावीचे निकाल लागले की पुणे, नाशिक, लातूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या चौकांत ठरावीक फलक झळकू लागतात. गणवेशातला रुबाबदार तरुण, मागे तिरंगा आणि खाली ठळक अक्षरांत ‘एनडीए फाउंडेशन बॅच’. त्या फलकांमुळे म्हणा किंवा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, पुण्याच्या उशाशी खडकवासल्यातच असल्यामुळे म्हणा, मराठी घरांत ‘लष्करात अधिकारी होणे’ आणि ‘एनडीएत जाणे’ एकच समजले जाते. दोन-तीन प्रयत्न फसले, साडेएकोणीसचे वय उलटले की मुलगा इंजिनिअरिंगची वाट धरतो किंवा स्पर्धा परीक्षांच्या पेठेत खोली घेतो, आणि फौजेचा विषय घरात कायमचा बंद होतो. ही गल्लत महागात पडते. लष्करी प्रबोधिनी निवडताना तिच्या नावाला आपण जेवढे वजन देतो तेवढे ते नसते. खरे वजन तीन गोष्टींना असते: उमेदवाराचे वय, हाती पदवी आहे की नाही, आणि मिळणारे कमिशन कायमचे की ठरावीक वर्षांचे. या तिन्हींचा मेळ ज्या दाराशी बसतो, ते दार त्या मुलासाठी योग्य. एनडीए हे फार चांगले दार आहे, पण ते एकमेव नाही आणि प्रत्येकासाठी सर्वांत चांगले आहे असेही नाही.

आधी दारे कोणती ते पाहू. बारावीच्या टप्प्यावर, साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात, केंद्रीय लोकसेवा आयोगाची एनडीए परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि प्रत्येक वेळी सुमारे चारशे जागा भरल्या जातात. खडकवासल्याला तीन वर्षे, तिथेच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी, मग भूदलासाठी डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, नौदलासाठी केरळातले एळिमला, हवाई दलासाठी हैदराबादजवळचे दुंडिगल. ज्यांचा ओढा अभियांत्रिकीकडे आहे त्यांच्यासाठी बारावी आणि जेईईच्या गुणांवर टेक्निकल एन्ट्री आहे. त्यातले काही कॅडेट पुण्यातच, दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकतात. पदवीनंतर कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस, म्हणजे सीडीएस, ही परीक्षाही वर्षातून दोनदा होते. तिच्यातून डेहराडूनला गेलेल्यांचे प्रशिक्षण दीड वर्षाचे, तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत, म्हणजे ओटीएत, 49 आठवड्यांचे. इंजिनिअर, कायद्याचे पदवीधर, एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवलेले यांच्यासाठी लष्कराच्या वेगळ्या लेखी परीक्षेविना थेट मुलाखतीला नेणाऱ्या वाटा आहेत. या सगळ्या वाटा सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या, म्हणजे एसएसबीच्या, पाच दिवसांच्या निवडचाचणीतून जातात, तिथे सगळ्यांचे तेच पंधरा गुण तपासले जातात आणि भूदलात शेवटी सगळ्यांच्या खांद्यावर लेफ्टनंटचे तेच दोन तारे येतात. पुढची बढतीही कागदोपत्री एकाच मापाने होते. ए. व्ही. सिंग समितीच्या शिफारशींनंतर 2004 पासून दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल हा क्रम कालबद्ध झाला. कोण कुठल्या अकॅडमीतून आला, हा रकाना त्यात नाही.

कागदावरची समता वेगळी आणि रणांगणावरची कसोटी वेगळी, असे कोणी म्हणेल. तर रणांगणच पाहू. कारगिलमध्ये दोन अधिकाऱ्यांना परमवीरचक्र मिळाले. कॅप्टन मनोजकुमार पांडे सैनिकी शाळेतून एनडीएत गेलेले होते. कॅप्टन विक्रम बात्रा चंदीगडच्या एका साध्या कॉलेजातून पदवी घेऊन, सीडीएस देऊन थेट डेहराडूनला गेलेले. श्रीलंकेत 1987 मध्ये छातीत गोळी लागल्यावरही तुकडीचे नेतृत्व करत राहिलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, मुंबईतच शिकलेले. त्यांना कमिशन मिळाले ते मद्रासच्या त्या वेळच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून, आजच्या ओटीएतून. आणि 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट काढून देणारे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे तर कुठल्याच नामांकित अकॅडमीचे नव्हते. कारवारजवळचा हा माणूस 1940 मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि शिपायांतूनच अधिकारी झाला. एनडीएच्या माजी विद्यार्थ्यांनी आजवर तीन परमवीरचक्रे मिळवली, त्याचा प्रबोधिनीला सार्थ अभिमान आहे. पण वर सांगितलेल्या चौघांकडे पाहिले तर शौर्याने दाराची चौकशी केलेली दिसत नाही.

ओटीएची जन्मकथाही इथे आठवावी. 1962 च्या चीन युद्धाने अधिकाऱ्यांची टंचाई उघडी पाडली, तेव्हा घाईने पुणे आणि मद्रास येथे दोन ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढण्यात आली. आणीबाणीतली सोय म्हणून ती सुरू झाली, पुण्याचे लवकरच बंद झाले, मद्रासचे टिकले. या सोयीतून बाहेर पडलेले तरुण अधिकारी 1965 च्या युद्धात लढले. ‘चार वर्षांच्या प्रशिक्षणासमोर 49 आठवडे म्हणजे कच्चे काम’ असा जो शिक्का मारला जातो तो मुख्यतः या आणीबाणीच्या जन्माचा वारसा आहे. एनडीएच्या तीन वर्षांतला मोठा भाग पदवीच्या अभ्यासात जातो, हे तुलना करणारे विसरतात. ब्रिटनचे सँडहर्स्ट, ज्याच्या धर्तीवर आपले लष्करी शिक्षण घडले, आज बहुतांशी पदवीधरांनाच घेते आणि 44 आठवड्यांत अधिकारी करते. त्यांना कोणी कच्चे म्हणत नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. भूदलप्रमुखांची यादी काढा, म्हणणारे म्हणतात, आणि सांगा त्यात ओटीएचा कोण आहे. आक्षेप खरा आहे. अलीकडच्या काळात तिन्ही दलांच्या शिखरावर पोहोचलेले बहुतेक अधिकारी एनडीएचे आहेत, आणि त्यात मराठी नावेही आहेत. जनरल मनोज नरवणे, जनरल मनोज पांडे, एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी हे तिघेही खडकवासल्याचे. पण याचे कारण शोधताना प्रबोधिनीच्या मातीकडे बघण्याआधी पंचांगाकडे बघावे. लष्करात निवृत्ती हुद्द्यानुसार ठरते. कर्नल 54 व्या वर्षी, ब्रिगेडियर 56, मेजर जनरल 58, लेफ्टनंट जनरल 60. एनडीएतून आलेला मुलगा एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी अधिकारी होतो. सीडीएसने आलेला चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी. कर्नलपासून पुढची प्रत्येक पायरी निवडीची, आणि प्रत्येक पायरीवर ठरावीक वर्षे काढावीच लागतात. म्हणजे उशिरा आलेल्याच्या हातात वरच्या पायऱ्यांसाठी तीन-चार वर्षे कमीच असतात. त्यात भर अशी की ओटीएतून येणारे अल्पकालीन कमिशनवर येतात आणि त्यांतले बरेच जण दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडतात. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात जे नसतातच, ते पहिले कसे येणार?

या हिशेबातून एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्याला सतराव्या वर्षी पक्के ठाऊक आहे की आयुष्य फौजेतच काढायचे आणि जमेल तेवढे वर जायचे, त्याने एनडीए सोडून दुसरीकडे बघू नये. त्याच्यासाठी हिशेब सरळ आहे. शिवाय तिन्ही दलांची मुले एकाच स्क्वाड्रनमध्ये, एकाच मेसमध्ये तीन वर्षे वाढतात, हे खडकवासल्याचे खरे वैशिष्ट्य. तीस वर्षांनी नौदलातला कोर्समेट एका फोनवर मदतीला येतो, आणि तिन्ही दलांना एकत्र बांधण्याच्या आजच्या काळात त्याचे मोल वाढलेच आहे. पण अशी सतराव्या वर्षी पक्की झालेली मुले किती असतात? बहुतेकांच्या बाबतीत त्या वयातली निश्चिती ही बापाची, मामाची किंवा नुकत्याच पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाची असते. आणि जनरल होण्याचे गणित मांडून सतरा वर्षांच्या मुलाचे भविष्य ठरवणे हा प्रकार तसा गमतीचाच, कारण निवडीच्या पायऱ्यांवर बहुसंख्य अधिकारी कर्नलच्या आसपासच थांबतात, मग ते कुठूनही आलेले असोत.

सतराव्या वर्षाच्या निवडीला एक धोकाही आहे आणि त्याबद्दल क्लासवाले अवाक्षर काढत नाहीत. प्रशिक्षण कठोर असते. घोड्यावरून, भिंतीवरून, बॉक्सिंगच्या रिंगणात मुले जखमी होतात. दुखापत कायमची ठरली तर कॅडेटला वैद्यकीय कारणाने घरी पाठवले जाते. कमिशन मिळण्याआधी तो अधिकारी नसतो, त्यामुळे घरी गेल्यावर माजी सैनिकही ठरत नाही. पेन्शनऐवजी त्याला अपंगत्वाच्या प्रमाणात मासिक सानुग्रह रक्कम मिळते. गेल्या चार दशकांत तिन्ही दलांच्या अकॅडम्यांतून असे सुमारे पाचशे कॅडेट बाहेर पडले, अशी बातमी 2025 मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली आणि त्यानंतर या कॅडेट्सना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ मिळू लागला. पदवी घेऊन डेहराडूनला किंवा चेन्नईला गेलेल्या मुलावर अशी वेळ आली तर त्याच्या हाती निदान पदवी असते, वयही थोडे पक्व असते. एनडीएच्या दुसऱ्या वर्षात गुडघा किंवा पाठीचा कणा गमावलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती फक्त बारावीची गुणपत्रिका असते. याचा अर्थ कोणी घाबरून एनडीए टाळावी असा नाही. अशा दुखापती थोड्याच होतात. पण निवड करणाऱ्याला हा धोका माहीत असला पाहिजे, आणि आज तो माहीत करून दिला जात नाही.

अकॅडमीच्या नावापेक्षा कितीतरी मोठा फरक कमिशनच्या प्रकारात आहे आणि आपल्याकडे त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. एनडीए आणि डेहराडूनमधून बाहेर पडणाऱ्याला पर्मनंट कमिशन मिळते, म्हणजे तो निवृत्तीच्या वयापर्यंत राहू शकतो आणि वीस वर्षांनी पेन्शनला पात्र होतो. चेन्नईतून बाहेर पडणाऱ्याला शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळते. ते दहा वर्षांचे, मग निवड झाली तर कायम, नाही तर आणखी चार वर्षांची मुदतवाढ आणि त्यानंतर रामराम. पेन्शन नाही. ‘ही तर कंत्राटी नोकरी’ असे नाक मुरडून म्हणतात ते यामुळेच. पण हे कंत्राट आहे कसे, ते तपासायला हवे. पंचविसाव्या वर्षी आत गेलेला तरुण पस्तिसाव्या वर्षी बाहेर येतो तेव्हा त्याने शे-सव्वाशे माणसांची कंपनी चालवलेली असते, सीमेवरचे हिवाळे काढलेले असतात, आणि त्या वयात कोणतीही खासगी कंपनी इतकी जबाबदारी देत नाही. बाहेर पडताना ग्रॅच्युइटी मिळते, संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन विभागामार्फत आयआयएमसारख्या संस्थांत व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम करता येतात, नागरी सेवा परीक्षांत वयाची सवलत असते. दुसरी बाजूही तितकीच खरी. पस्तिसाव्या वर्षी मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात, आणि ज्याने दहा वर्षांत बाहेरच्या जगाची काहीच तयारी केली नाही त्याला ते वय जड जाते. पर्मनंटचे अधिकारी थोडे आणि शॉर्ट सर्व्हिसचे जास्त असावेत, म्हणजे वरचा निमुळता मनोरा तुंबणार नाही, अशी रचना ए. व्ही. सिंग समितीनेच सुचवली होती. ती सरकारने पुरेशी आकर्षक केली नाही, म्हणून भूदलात हजारो अधिकाऱ्यांची कमतरता आहे हे संसदेत वारंवार सांगण्याची वेळ सरकारवर येते. शॉर्ट सर्व्हिस ज्याने डोळे उघडे ठेवून घेतली त्याच्यासाठी ती उत्तम सुरुवात आहे. एनडीए हुकली म्हणून नाइलाजाने घेतलेल्याला मात्र ती फसवणूक वाटेल, आणि त्यात दोष ओटीएचा नसेल.

मुलींच्या बाबतीत चित्र गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहे आणि पालकांची माहिती मात्र जुनीच आहे. 1992 पासून जवळजवळ तीन दशके मुलींसाठी भूदलात चेन्नई हेच मुख्य दार होते, तेही अल्पकालीन. फेब्रुवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशनचा हक्क दिला, 2021 मध्ये एनडीएची परीक्षा खुली झाली, 2022 मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात आली आणि 30 मे 2025 रोजी तिच्यातल्या 17 मुली संचलन करून बाहेर पडल्या. जागा अजून मोजक्या आहेत आणि भूदलात पायदळ, रणगाडे ही दारे मुलींना बंदच आहेत. त्यामुळे मुलीने एनडीए जरूर द्यावी, पण चेन्नईला दुय्यम समजू नये. 2023 मध्ये तोफखान्यात रुजू झालेल्या पहिल्या पाच महिला अधिकारी तिथूनच आल्या.

हवाई दलाचे गणित वेगळे आहे आणि तिथे माझा सूरही वेगळा राहील. वैमानिक व्हायचे असेल तर उशीर परवडत नाही. एनडीए आणि सीडीएसमधून गेलेल्या वैमानिकाला पर्मनंट कमिशन मिळते, एएफकॅट परीक्षेतून गेलेल्याला चौदा वर्षांचे, आणि ते पुढे वाढत नाही. शिवाय वैमानिकाच्या योग्यतेची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झालेल्याला पुन्हा कोणत्याही वाटेने वैमानिक होता येत नाही. म्हणजे ‘आधी एकदा अनुभव म्हणून देऊन बघ’ हा घराघरांतला सल्ला इथे घातक आहे. दृष्टीचे आणि उंचीचे निकष कडक आहेत. ते आधी डॉक्टरकडून तपासून घेतले तर पुढची दोन वर्षे वाचतात. नौदलात बारावीनंतर थेट एळिमलाला बी.टेक.साठी जाण्याची वाट आहे. ज्याला समुद्र आणि यंत्रे दोन्ही आवडतात त्याने खडकवासल्याआधी तिचा विचार करायला हरकत नाही.

महाराष्ट्रासाठी मात्र खरी दुखरी नस ही की जी दारे आपल्याला सर्वांत सोयीची, त्यांच्याकडेच आपण पाहत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते, कारण तिथल्या घराघरांतून माणूस फौजेत गेला. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यातून मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट, बॉम्बे सॅपर्स यांना पिढ्यान्‌पिढ्या जवान मिळाले. पण अधिकाऱ्यांच्या यादीत आपण मागे. 2011 च्या जनगणनेत उत्तराखंडची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी. तरी डेहराडूनच्या पासिंग आउट परेडनंतर राज्यवार आकडे छापून येतात तेव्हा उत्तराखंड अनेकदा आपल्या पुढे असतो. जवानांना अधिकारी होण्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेज आहे. दोन वर्षे सेवा झालेला, बारावी पास जवान त्यासाठी अर्ज करू शकतो; निवड झाली तर डेहराडूनला तीन वर्षांत पदवी आणि पुढचे एक वर्ष इतर कॅडेट्सच्या खांद्याला खांदा लावून प्रशिक्षण. हे कॉलेज एके काळी पुण्यातच होते, 1977 मध्ये ते डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचा भाग झाले. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या किती मुलांना, किंवा त्यांच्या वडिलांना, याची कल्पना आहे? भरती अकॅडम्या ‘सोळाशे मीटर किती मिनिटांत’ एवढेच शिकवतात.

दुसरे दुर्लक्षित दार एनसीसीचे. कॉलेजात तीन वर्षे एनसीसी केली, ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळाले आणि पदवीला निम्मे गुण असले की लेखी परीक्षा न देता सरळ एसएसबीला बोलावणे येऊ शकते. गणिताची धास्ती घेतलेल्या कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलासाठी याहून सोयीची वाट नाही. तरीही आपल्या कॉलेजांत एनसीसी म्हणजे 26 जानेवारीचे संचलन आणि हजेरीत सवलत, एवढीच तिची ओळख. ग्रामीण भागातल्या कॉलेजांत तर तुकडी असूनही ‘सी’ परीक्षेला किती मुले बसली याची कोणी विचारपूस करत नाही.

यावर असे म्हटले जाईल की इतकी दारे दाखवली की मुले एकाही दारावर नीट धडक देत नाहीत. एनडीए हेच एक लक्ष्य ठेवले तर निदान कष्ट तरी जोरात होतात. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण परीक्षेचे स्वरूप त्याच्या विरोधात जाते. एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची, एसएसबी 900 ची. अलीकडच्या काही वर्षांत अंतिम यादीतला शेवटचा उमेदवार 1800 पैकी साधारण साडेसहाशे ते सव्वासातशे गुणांवर आत आला आहे. म्हणजे नव्वद टक्केवाल्यांची ही स्पर्धा नाही. लेखी परीक्षा पार केलेली शेकडो मुले एसएसबीत परत येतात, आणि तिथे जे तपासतात ते चार महिन्यांच्या क्लासमध्ये घडत नाही. गटात दुसऱ्याचे ऐकून घेणे, ठाम पण उद्धट न होता बोलणे, अनोळखी मुलांबरोबर दोर आणि फळकुटे घेऊन अडथळा पार करणे, स्वतःबद्दल खरे सांगणे, हे सारे वयाबरोबर आणि अनुभवाबरोबर सुधारते. सतराव्या वर्षी ‘कॉन्फरन्स आउट’ झालेला, म्हणजे एसएसबीच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकून परत आलेला, मुलगा बाविसाव्या वर्षी निवडला जातो, तो यामुळे. एसएसबीच्या प्रयत्नांना संख्येची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती वयाची, आणि ओटीएसाठी ती पंचविसाच्या आसपास आहे. म्हणजे एनडीए हुकलेल्या मुलाच्या हाती आणखी पाच वर्षे असतात. ती वाया घालवायला आपणच त्याला शिकवतो.

तयारीच्या संस्थांबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण ‘कोणते मिलिटरी कॉलेज’ हा प्रश्न बहुतेक घरांत खरे तर त्यांच्याबद्दलच असतो. सातारा सैनिक शाळा 1961 ची, देशातली पहिली सैनिकी शाळा, डॉ. मुंजे यांनी नाशिकला काढलेली भोसला मिलिटरी स्कूल त्याहून जुनी, 1937 ची. राज्य सरकारची संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून अकरावी-बारावीच्या मुलांची एनडीएसाठी तयारी करून घेते, आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. नाशिकलाच सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे सीडीएस किंवा एनसीसीच्या वाटेने एसएसबीचे बोलावणे आलेल्या उमेदवारांना मोफत प्रशिक्षण मिळते. या सगळ्या संस्था तयारी करून घेतात, कमिशन देत नाहीत. आणि चौकातल्या फलकांवरच्या ज्या खासगी ‘मिलिटरी अकॅडमी’ लाखाच्या घरात फी घेतात, त्यांचा संरक्षण मंत्रालयाशी काडीचाही संबंध नसतो. नकली गणवेश, सकाळची परेड आणि ‘कर्नल सर’ एवढ्यावर घरचे सोने गहाण पडू नये. राज्य सरकारला खरेच काही करायचे असेल तर नाशिकच्या केंद्रासारखी केंद्रे विदर्भात आणि मराठवाड्यात काढावीत. एकेका जिल्ह्यात सैनिकी शाळेची पाटी लावण्यापेक्षा ते स्वस्त पडेल आणि फळही लवकर देईल.

ज्या घरात मुलगा किंवा मुलगी लष्कराचे नाव काढत असेल, त्या घराने कुठलीही फी भरण्यापूर्वी एनडीए, सीडीएस आणि एनसीसी स्पेशल एन्ट्री या तिन्हींच्या अधिसूचना समोर ठेवाव्यात. या अधिसूचना अधिकृत संकेतस्थळांवर फुकट मिळतात. आपल्या मुलाची जन्मतारीख त्यांतल्या वयाच्या रकान्यांशी जुळवून पाहावी, कोणत्या दारातून किती वर्षांचे कमिशन मिळते ते त्याच्याबरोबर बसून वाचावे. आणि बारावीनंतर कॉलेजात प्रवेश घेताना, तिथे एनसीसीची तुकडी आहे का आणि गेल्या वर्षी ‘सी’ परीक्षेला किती मुले बसली, हे आधी विचारावे.